धावणाऱ्या उंदराच्या मेंदूतला ब्रेक

उंदराच्या पिंजऱ्यात फिरतं चाक ठेवलं की त्याला काही शिकवावं लागत नाही. अंधार पडला की तो आपणहून चाकावर चढतो आणि एका रात्रीत काही किलोमीटर धावतो. त्याच्या मेंदूत यामुळे काय घडतं, हे १९९९ मध्ये अमेरिकेतल्या साल्क इन्स्टिट्यूटमधल्या फ्रेड गेज आणि सहकाऱ्यांनी दाखवलं: हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणींशी निगडित मेंदूच्या भागात, नव्या चेतापेशी जास्त संख्येने तयार होतात आणि टिकतात.

बातमी चांगलीच, पण तिच्यात एक पेच होता. या कोवळ्या पेशी जुन्यांपेक्षा चटकन उत्तेजित होतात, आणि हिप्पोकॅम्पसचा एक भाग थेट चिंतेशी जोडलेला आहे. मग धावणारा उंदीर उलट जास्त भित्रा व्हायला नको का? २०१० मध्ये जर्मनीतल्या एका गटाला तो खरंच तसा आढळला. बहुतेक प्रयोगांत मात्र उलटच दिसतं.

भित्रेपणा मोजण्याची एक साधी रीत आहे. उंचावर अधिकच्या चिन्हासारखी चौफुली. दोन फाट्यांना भिंती, दोन उघडे. घाबरलेला उंदीर भिंतीच्या आडोशाला राहतो. उघड्या फाट्याकडे नाक पुढे करून हुंगतो, अंग ताणतो, पण मागचे पाय आतच रोवलेले. मग झटकन मागे सरतो. धावणारे उंदीर मात्र उघड्यावर जास्त वेळ काढतात.

हे कोडं प्रिन्स्टन विद्यापीठातल्या एलिझाबेथ गूल्ड यांच्या गटाने २०१३ मध्ये बरंचसं उलगडलं, आणि मला त्यांची मांडणी फार मोलाची वाटते. काही उंदीर सहा आठवडे चाकावर धावले, काही बसून राहिले. मग सगळ्यांना थोडा वेळ थंड पाण्यात सोडलं. बसून राहिलेल्यांच्या चेतापेशी एकदम पेटल्या. धावणाऱ्यांच्या तशा पेटल्या नाहीत. नव्या पेशी त्यांच्याकडेच जास्त होत्या, तरीही! कारण धावण्याने पेशींना आवर घालणारी यंत्रणाही बळकट झाली होती: गाबा नावाचं शांतवणारं रसायन सोडण्याची तयारी वाढली होती. म्हणजे वेग वाढला, तसे ब्रेकही सुधारले.

मग त्यांनी धावणाऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये गाबाला अडवणारं औषध सोडलं. सहा आठवड्यांचं धावणं पाठीशी होतं, नव्या पेशी जागच्या जागी होत्या. पण धावण्यातून आलेला निर्भयपणा नाहीसा झाला.