अपघातात पहिली मदत करायचं ट्रेनिंग: कोण घेऊ शकतं, कागदं काय लागतात, नंतर पोलिसांचं काय

गाळप चालू झालं की आपल्या बेळगाव जिल्ह्यात (कर्नाटक) निपाणी, संकेश्वर, चिकोडीकडचे रस्ते कसे होतात ते आपल्याला माहितीच आहे. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर, मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि अंधारात बाईकवाला थेट ट्रॉलीत घुसतो. मग माणसं धावतात, एकजण तोंडात पाणी ओततो, दोघं हातपाय धरून उचलतात आणि मिळेल त्या गाडीत मागं टाकतात. मनात वाईट कुणाच्याच नसतं, पण बेशुद्ध माणसाला पाजलेलं पाणी श्वासनलिकेत जातं आणि मानेला मार असला तर तसं उचलण्यानं तो जन्माचा लुळा होऊ शकतो. म्हणून हायवेकडेचे धाबेवाले, पंक्चरवाले, वडाप चालवणारे, गणपती मंडळाची पोरं, या सगळ्यांनी हे शिकून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

सोपा रस्ता म्हणजे फर्स्ट एडचं सर्टिफिकेट. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स आणि रेडक्रॉस या दोन संस्था हे कोर्स घेतात. फॉर्म, आधारची झेरॉक्स, पासपोर्ट साइझ फोटो आणि फी, साधारण एवढंच लागतं. एकट्यानं जाण्यापेक्षा गावातली पंचवीस-तीस पोरं गोळा करून मंडळाच्या किंवा पंचायतीच्या लेटरहेडवर अर्ज द्या, मग शिकवणाऱ्यांनाच गावात बोलावता येतं का विचारता येतं. साखर कारखान्यात कामाला असाल तर आधी तिथंच विचारा, कारण जुन्या फॅक्टरी ॲक्टच्या ४५ व्या कलमाप्रमाणं दर १५० कामगारांमागं एक फर्स्ट एड बॉक्स आणि तो सांभाळायला ट्रेनिंग झालेला माणूस ठेवावाच लागायचा (२०२५ च्या नोव्हेंबरात त्या कायद्याच्या जागी नवी कामगार संहिता आली).

दुसरा रस्ता सरकारी, आपदा मित्र, म्हणजे आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांची योजना. वय १८ ते ४०, किमान सातवी पास, त्याच जिल्ह्यातला रहिवासी आणि तब्येत धडधाकट पाहिजे. माजी सैनिकांना वयात सवलत मिळू शकते, आणि आपल्याकडं घरटी फौजी असलेली गावं आहेत, त्यांनी तर नक्की विचारावं. ट्रेनिंग १२ दिवसांचं, त्यात फर्स्ट एडही येतं. सध्या बॅच निघते का आणि कधी ते बेळगावात डीसी ऑफिसच्या (जिल्हाधिकारी कचेरीच्या) आपत्ती विभागात किंवा तहसीलदाराकडं विचारा. आधार, शाळेचा दाखला, रहिवासी पुरावा, डॉक्टरचं फिटनेस, फोटो, हे तयार ठेवा. आपल्या लोकांची अडचण नावात होते, मराठी शाळेच्या दाखल्यावर नाव-वडील-आडनाव पूर्ण आणि आधारवर नुसतं इनिशियल, ते आधीच एकसारखं करून घ्या. फॉर्म कन्नडमध्ये असला तर वाचता येणाऱ्याला शेजारी बसवून भरा, अंदाजानं भरू नका.

शिकवतात काय? आधी स्वतः सुरक्षित उभं राहायचं, मग १०८ (ॲम्ब्युलन्स) किंवा ११२ ला फोन. कोगनोळीसारख्या राज्याच्या सीमेवर मोबाइलचा टॉवर पलीकडचा, महाराष्ट्राचा, लागू शकतो, म्हणून फोनवर राज्य, तालुका आणि जवळचा टोलनाका आधी सांगायचा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून तळव्यानं दाबून धरायचं, सारखं उचलून बघायचं नाही. घुसलेली सळी ओढायची नाही. आग किंवा दुसऱ्या गाडीचा धोका नसेल तर माणूस हलवायचा नाही, हलवायचाच तर डोकं, मान आणि पाठ एका रेषेत धरून तिघाचौघांनी मिळून. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच-सहा सेंटीमीटर खोल. हे वाचून जमत नाही हो, ट्रेनिंगच्या पुतळ्यावर हात दुखेपर्यंत करावं लागतं.

आता पोलिसांची भीती. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला १३४अ कलम आलं आणि २०२० ला नियम निघाले. मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही, नाव सांगायची सक्ती नाही, दवाखाना त्याला अडवून ठेवू शकत नाही. साक्षीदार व्हायचं का ते तुम्ही ठरवायचं.

गंभीर जखमीला गोल्डन अवरमध्ये, म्हणजे अपघातानंतरच्या पहिल्या तासात, दवाखान्यात पोचवून जीव वाचवला तर केंद्र सरकारच्या राहवीर योजनेत २५ हजार रुपये बक्षीस ठरलं, आधी २०२१ ला ५ हजार होते. गंभीर म्हणजे मोठं ऑपरेशन, किमान तीन दिवस ॲडमिट, मेंदूला किंवा मणक्याला मार, असं. पोलिस स्टेशन लेटरहेडवर पोच देतं, त्यात तुमचं नाव, पत्ता, मोबाइल, जागा, तारीख-वेळ आणि काय मदत केली ते असतं. थेट दवाखान्यात नेलं असेल तर दवाखाना पोलिसांना कळवतो. पुढं जिल्ह्याची कमिटी ठरवते आणि पैसे बँक खात्यात येतात, एकाला दोघांनी वाचवलं तर समान वाटून. योजनेची मुदत मुळात ३१ मार्च २०२६ पर्यंत होती, तेव्हा आत्ता चालू आहे का ते आरटीओत विचारा. आणि ती पोच घेतल्याशिवाय स्टेशनातून निघू नका, नंतर मागायला गेलं की ड्युटीवरचा माणूस बदललेला असतो.