परिवलन गती आणि तिचा रेषीय गतीशी संबंध

एखादी दृढ वस्तू स्थिर अक्षाभोवती फिरत असते तेव्हा तिचा प्रत्येक कण अक्षावर केंद्र असलेल्या वर्तुळात फिरतो. अशा गतीला परिवलन गती म्हणतात. जिच्या कोणत्याही दोन कणांमधील अंतर बदलत नाही ती दृढ वस्तू होय. त्यामुळे अक्षाजवळचा कण आणि कडेचा कण ठरावीक वेळात सारख्याच कोनातून फिरतात, परंतु त्यांनी कापलेले अंतर सारखे नसते. असंख्य कणांच्या निरनिराळ्या वेगांऐवजी एकाच कोनीय वेगाने संपूर्ण वस्तूची गती सांगता येते, ही या वर्णनाची खरी ताकद आहे.

कोन रेडियनमध्ये मोजतात. वर्तुळाच्या त्रिज्येइतक्या लांबीच्या कंसाने केंद्राशी केलेला कोन म्हणजे १ रेडियन, म्हणजेच सुमारे ५७.३ अंश. हे एकक केवळ सोयीसाठी निवडलेले नाही. कोन रेडियनमध्ये असेल तरच कंसाची लांबी त्रिज्या आणि कोन यांच्या साध्या गुणाकाराएवढी येते, आणि पुढची सर्व सूत्रे याच गुणाकारावर उभी आहेत. कोन बदलण्याचा दर म्हणजे कोनीय वेग, आणि कोनीय वेग बदलण्याचा दर म्हणजे कोनीय त्वरण. कणाचा रेषीय वेग = अक्षापासूनचे अंतर × कोनीय वेग; त्याचप्रमाणे स्पर्शरेषेच्या दिशेतील त्वरण = अक्षापासूनचे अंतर × कोनीय त्वरण. याखेरीज, कोनीय वेग स्थिर असला तरी कणाच्या वेगाची दिशा सतत बदलत असल्याने त्याला केंद्राकडे रोखलेले अभिकेंद्री त्वरण असते आणि ते अंतर व कोनीय वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराएवढे असते. एकसमान रेषीय गतीत याला समांतर असे काही नाही.

पृथ्वीचे उदाहरण पाहता येईल. तिचा कोनीय वेग सेकंदाला सुमारे ०.००००७२९ रेडियन असून तो सर्व अक्षांशांवर एकच आहे. विषुववृत्तावरील बिंदू अक्षापासून सुमारे ६,३७८ किलोमीटर दूर असल्याने त्याचा रेषीय वेग सेकंदाला सुमारे ४६५ मीटर येतो; ६० अंश अक्षांशावर तो जवळजवळ निम्मा होतो आणि ध्रुवावर शून्य होतो.

गतीच्या कारणांकडे वळल्यास रेषीय गतीशी असलेले हे साधर्म्य पुढेही टिकते. बलाच्या जागी बल-आघूर्ण (बलाचा वस्तू फिरवणारा परिणाम) येते, वस्तुमानाच्या जागी जडत्व आघूर्ण (परिवलनातील बदलाला होणारा विरोध) आणि संवेगाच्या (वस्तुमान × वेग) जागी कोनीय संवेग, म्हणजे परिवलनातील संवेग. बल-आघूर्ण = जडत्व आघूर्ण × कोनीय त्वरण हे न्यूटनच्या दुसऱ्या नियमाचेच परिवलनातील रूप होय. जडत्व आघूर्ण काढण्यासाठी प्रत्येक कणाच्या वस्तुमानाला त्याच्या अक्षापासूनच्या अंतराच्या वर्गाने गुणून बेरीज करतात. वस्तुमान किती, यासोबतच ते अक्षापासून किती दूर पसरले आहे, हेही त्यामुळे निर्णायक ठरते. दृढ वस्तूच्या गतीचा पद्धतशीर सिद्धांत लिओनार्ड ऑयलर यांनी अठराव्या शतकात मांडला.

न घसरता घरंगळणाऱ्या चाकात दोन्ही गती एकत्र येतात. चाकाच्या केंद्राचा वेग त्रिज्या आणि कोनीय वेग यांच्या गुणाकाराएवढा असतो. जमिनीला टेकलेल्या बिंदूपाशी पुढे जाण्याचा वेग आणि परिवलनाचा उलट दिशेचा वेग एकमेकांना तंतोतंत रद्द करतात, म्हणून तो बिंदू त्या क्षणी स्थिर असतो. माथ्यावरील बिंदू मात्र केंद्राच्या दुप्पट वेगाने पुढे जातो. उतारावर याचा परिणाम फार सुंदर दिसतो. घर्षणरहित उतारावर घसरणाऱ्या वस्तूच्या त्वरणाशी तुलना केल्यास, घरंगळणाऱ्या भरीव गोलाचे त्वरण त्याच्या ५/७ पट, भरीव वृत्तचितीचे २/३ पट आणि पातळ कड्याचे १/२ पट असते. वस्तुमान व त्रिज्या या प्रमाणातून गळून पडतात, त्यामुळे एकाच उतारावरून एकाच वेळी सोडलेला लहानातला लहान भरीव गोलही मोठ्यातल्या मोठ्या कड्याच्या आधी तळाशी पोहोचतो. गतिज ऊर्जेचा किती वाटा परिवलनात जातो, हे केवळ वस्तुमानाच्या वाटणीवर अवलंबून असते.

हे साधर्म्य अमर्याद मात्र नाही. वस्तूचे वस्तुमान एकच असते, परंतु अक्ष बदलला की जडत्व आघूर्ण बदलते. सरळ रेषेतील दोन विस्थापने कोणत्याही क्रमाने केली तरी वस्तू त्याच जागी पोहोचते. याउलट दोन वेगळ्या अक्षांभोवती प्रत्येकी ९० अंशांनी फिरवताना क्रम बदलला तर वस्तूची अंतिम स्थिती वेगळी येते. म्हणून मोठ्या कोनीय विस्थापनांची सदिशांप्रमाणे (परिमाण व दिशा असलेल्या राशींप्रमाणे) बेरीज करता येत नाही, अतिसूक्ष्म विस्थापनांची मात्र करता येते आणि त्यामुळेच कोनीय वेग सदिश ठरतो. शिवाय संवेग नेहमी वेगाच्याच दिशेत असतो, पण असममित वस्तूचा कोनीय संवेग कोनीय वेगाच्या दिशेत असेलच असे नाही. अशी वस्तू स्थिर अक्षाभोवती एकसमान फिरत ठेवण्यासाठीही धारव्यांना (अक्षाला आधार देणाऱ्या बेअरिंगना) सतत बल-आघूर्ण पुरवावे लागते.