‘काकी, मी कोण? ओळखलंस?’

गणपतीच्या आदल्या दिवशी वेंगुर्ल्याच्या आमच्या घरात मुंबईचे चाकरमानी उतरले की काकीची परीक्षा सुरू होते. ती ओटीवर खुर्चीत बसलेली असते. बॅगा खाली ठेवायच्या आधीच एकेक जण समोर उभा राहतो आणि विचारतो, ‘काकी, मी कोण? ओळखलंस?’ पहिल्याला ती हसून ‘होय तर’ म्हणते, दुसऱ्यापुढे नुसती मान डोलावते. चौथा-पाचवा येईपर्यंत तिची बोटं पदराचं टोक चुरगळायला लागतात, आणि ती उठून माजघरात निघून जाते. मग कोणीतरी डोळे पुसत म्हणतं, ‘आपली काकी गेली रे.’

काकी कुठे गेलेली नसते. माजघरात चिडून बसलेली असते.

तिला अल्झायमर आहे. निदानाला चार वर्षं झाली. दोन गणपतींना मीही हाच प्रश्न विचारलाय, त्यामुळे दुसऱ्यांना नावं ठेवायचा मला हक्क नाही. पण तो मेंदूत नेमका कुठे जाऊन आपटतो हे कळल्यापासून मी तो सोडून दिला.

कानांच्या पातळीला, मेंदूच्या दोन्ही बाजूंना आत खोलवर, बोटाएवढा एक वळलेला भाग असतो. त्याचं नाव हिप्पोकॅम्पस. जाळ्यात कधीमधी सापडणारा समुद्रघोडा पाहिला असेल तर आकार वेगळा सांगायला नको, नाव त्यावरूनच पडलंय. घडलेली गोष्ट आठवण म्हणून आधी इथे रुजते. आपल्या भाषेत सांगायचं तर हा तरवा. भात आधी एका कोपऱ्यात दाट उगवतं, मग उपटून शेतभर लावायचं. तशाच आठवणी इथून हळूहळू मेंदूच्या बाहेरच्या थरात पसरतात आणि पक्क्या होतात.

१९०६ साली जर्मनीत अलॉइस अल्झायमर यांनी ५५व्या वर्षी वारलेल्या एका बाईच्या मेंदूत जे पाहिलं, तेच काकीच्या मेंदूत चाललंय. बीटा-अमिलॉइड नावाच्या प्रथिनाचे गठ्ठे पेशींच्या बाहेर साचतात आणि टाऊ नावाच्या प्रथिनाचा गुंता पेशींच्या आत होतो. हा गुंता अगदी सुरुवातीला जिथे धरतो त्यात हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारचा भाग येतो. तरव्याची जागाच नासली की नवी लावणी बंद होते, आधी लावलेलं शेत मात्र काही वर्षं उभं राहतं. म्हणून सकाळी पेज जेवल्याचं काकीला आठवत नाही, पण तिच्या लग्नाची वरात कुठल्या व्हाळाशी अडली ते ती सांगते. तिच्या मनातला माझा चेहरा दहा वर्षांच्या पोरीचा आहे. समोर उभी राहते ती चष्मेवाली, केस पिकलेली बाई. ओळखणार कशी? (पुढे पुढे जुनं शेतही बसायला लागतं, हेही सांगून ठेवते.)

आता त्या चिडण्याचं. २०१४ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात अल्झायमरच्या १७ रुग्णांना दुःखी आणि आनंदी प्रसंगांच्या चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळाने विचारलं, तर काय पाहिलं ते त्यांना धड सांगता येईना. मनातलं दुःख मात्र अर्ध्या तासापर्यंत टिकून होतं. ज्यांना चित्रफीत कमी आठवत होती, त्यांचं दुःख तर उलट जास्त रेंगाळलं. घटना पुसली गेली आणि तिने उठवलेली भावना मागे राहिली. आपण चिडलो तर कारण माहीत असतं, एसटी चुकली, नाहीतर नारळवाला ठकवून गेला. काकीला कारण सापडत नाही, नुसतं ओशाळवाणं वाटणं उरतं. थोड्या वेळाने ती वैनीवर, म्हणजे तिच्या सुनेवर, उखडते तेव्हा सगळे म्हणतात, आजारच तसला. आजार आहेच, पण मघाच्या पाच परीक्षाही त्यात आहेत.

हे उलट बाजूनेही लागू पडतं, आणि दोन दिवसांसाठी येणाऱ्या माणसाने तेच धरून ठेवावं. ‘तिला कळतच नाही, मग भेटून काय उपयोग?’ असं म्हणणाऱ्या आमच्या एका भावाला मी हा प्रयोग सांगितला. भेट विसरली जाईल, पण भेटीने आलेलं बरं वाटणं तिच्यापाशी काही वेळ राहतं.

मग भेटायचं कसं? मी समोरून जाते, तिच्या पातळीला खाली बसते आणि आपलं नाव आपणच सांगते. मग काहीतरी हातात घेते. बहुतेक वेळा अबोली.

केळीचं सोपट पाण्यात भिजवून त्याचे धागे काढायचे. डाव्या हाताच्या बोटांत फुलांचे देठ जुळवायचे, उजव्या हाताने फास टाकायचा, ओढायचा, पुढची फुलं धरायची. काकी हे करताना बघत नाही, नजर अंगणात असते. मधेच एक फूल पिचलेलं लागलं तर बोटांनाच कळतं, ते बाजूला पडतं. वीतभर वळेसर (केसांत माळायचा गजरा) झाला तरी गाठी एकसारख्या. आजचा वार तिला सांगता येत नाही.

हातांची ही आठवण वेगळ्या वाटेने साठते. १९५३ साली हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या अमेरिकन तरुणाचं फेफरं आवरण्यासाठी शस्त्रक्रिया झाली आणि त्यात दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला. त्यानंतर त्याला नवीन काही लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला, आणि दर वेळी आपण हे पहिल्यांदाच करतोय असं त्याला वाटायचं. सवयीच्या हालचाली मेंदूच्या खोल गाभ्यातले आणि मागच्या लहान मेंदूतले भाग सांभाळतात, आणि अल्झायमर तिथे उशिरा पोचतो. आरतीचंही असंच काहीसं. ओळखीच्या चाली जिथे जाग्या होतात त्या भागांची या आजारात तुलनेने कमी झीज होते, असं मेंदूच्या चित्रणात दिसलंय. टाळ हातात दिला की काकी ठेका सोडत नाही.

वासाच्या बाबतीत मात्र मी फसले. वासाने सगळं आठवतं असं आपण ऐकलेलं असतं, म्हणून मुद्दाम तिच्या शेजारी चूल मांडून बांगडे भाजले. काकी ढिम्म. मग कळलं की या आजारात वासाची जाण फार लवकर मंदावते. बांगडा ताटात आल्यावर तिने काटे बरोबर काढले, ती गोष्ट निराळी. पण जिला भाजका बांगडा कळत नाही तिला गॅसची गळतीही कळणार नाही, हे लक्षात आल्यावर वैनीने रात्री सिलिंडर बंद करायला सुरुवात केली.

तिन्हीसांजा सगळ्यात अवघड. दिवसरात्रीचं मेंदूतलं घड्याळही बिघडलेलं असतं, त्यात अंधारून येताना सावल्या लांबतात, आणि काकी दारात जाऊन उभी राहते. ‘हे रापणीक गेले ते अजून येवंक नाय.’ रापणीवर मासे धरायला जाणारे काका वारले त्याला बारा वर्षं झाली. आम्ही सुरुवातीला खरं सांगायचो, आणि ती दर वेळी नव्याने विधवा व्हायची. वैनी आता म्हणते, ‘येतले. तवसर चाय घेवया,’ आणि अंधार पडायच्या आधीच घरातले सगळे दिवे लावते. हे खोटं बोलणं आहे, मला मान्य आहे. मी वैनीच्या बाजूने आहे.

वैनीचं कोणी विचारत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढचे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने आजारी आहेत. बहुतेक घरांत त्यांच्यामागे अशीच एखादी सून किंवा लेक उभी असते. चाकरमान्यांनी चार दिवसांतला एक दिवस तिला माहेरी धाडलं तर काकीचंही भलं होईल. मन फार थकलं तर १४४१६ या टेलि-मानसच्या सरकारी क्रमांकावर फोन करता येतो.

आणखी एक. विसरभोळेपणा वाढला की आपल्याकडे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात, नाहीतर देवाला गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं जरूर घालावं, पण रक्तही तपासावं. बी-१२ ची कमतरता आणि थायरॉइडचा बिघाड यांनीही असंच होतं, आणि त्यावर उपचार आहेत. आधी बरा असलेला माणूस एका-दोन दिवसांत एकदम भ्रमिष्टासारखा करायला लागला तर मूळ लघवीच्या जंतुसंसर्गातही असू शकतं. तेव्हा वाट न बघता डॉक्टरकडे न्यावं.

यंदा गौरीच्या दिवशी वळेसर पुरा झाल्यावर काकीने मला पाठ फिरवून बसायला लावलं, माझ्या आखूड केसांत तो कसाबसा खोचला आणि लांबून बघितलं.

‘कोणाचा गो चेडू तू?’

मी सांगितलं.

‘अगो बाय,’ म्हणाली, ‘मगे चाय घेतलंस?’

घेतला होता. नाही म्हटलं, आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात गेलो.