गोळी कशासाठी, हे बाटलीवर लिहिलेलं नसतं

रात्री नऊच्या सुमारास सोशल वर्करची गाडी दारात थांबते. आठ वर्षांचा मुलगा उतरतो. कपडे कचऱ्याच्या काळ्या पिशवीत, आणि एका छोट्या झिपच्या पिशवीत औषधांच्या तीन केशरी बाट‌ल्या. लेबलवर मुलाचं नाव, डॉक्टरांचं नाव, 'सकाळी एक', 'झोपताना एक'. गोळी कशासाठी, कधीपासून आणि तिने काही फरक पडला का, हे तिथे नाही. ज्या बाईंकडे तो आता राहणार, त्यांनाही ठाऊक नाही. सोशल वर्कर गेल्याच महिन्यात बदललेली. मुलाला विचारलं तर म्हणतो, "शांत राहायची गोळी आहे."

प्रसंग कल्पित आहे, पण अमेरिकेत फॉस्टर केअरमध्ये काम करणाऱ्यांना ओळखीचा वाटेल असा. मारहाण, हेळसांड, आईवडिलांचं व्यसन अशा कारणांनी सरकार मुलाचा ताबा घेतं आणि त्याला तात्पुरतं दुसऱ्या कुटुंबात ठेवतं, ती ही व्यवस्था. आपल्याकडे तिला प्रतिपालकत्व म्हणतात.

२०११ साली जीएओ या अमेरिकी संसदेच्या तपासणी संस्थेने पाच राज्यांची २००८ची आकडेवारी मांडली. मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनेतल्या इतर मुलांच्या तुलनेत फॉस्टर केअरमधल्या मुलांना मनावर परिणाम करणारी औषधं २.७ ते ४.५ पट अधिक प्रमाणात दिली जात होती. काही मुलांना पाच किंवा त्याहून अधिक औषधं एकाच वेळी चालू होती. वर्षाच्या आतल्या काही बाळांनाही अशी औषधं लिहून दिलेली होती. या मुलांनी भोगलेलंही जास्त असतं, त्यामुळे थोडा फरक असणारच. पण लहान मुलाला पाच औषधं एकत्र देणं सुरक्षित आहे, असा पुरावा कोणाकडेच नव्हता.

हे होतं कसं? दाराची कडी वाजली की मार बसणार, हे ज्या मुलाचा मेंदू शिकलाय, तो वर्गात फळ्याकडे बघत नाही. त्याचा कान बाहेरच्या पावलांवर असतो. शिक्षिका लिहितात, 'लक्ष नाही, एका जागी बसत नाही.' डॉक्टरांकडे पंधरा मिनिटं असतात, आणि लक्षणं एडीएचडीशी, म्हणजे लक्ष न लागण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराशी, जुळतात. त्यावरचं मिथाइलफेनिडेट सुरू होतं. त्याने भूक मंदावते, झोप उडते, म्हणून रात्री क्लोनिडिन, मूळचं रक्तदाबाचं, पण झोप यावी म्हणूनही दिलं जाणारं औषध. मूल चिडचिडं होतं, नव्या घरात आदळआपट करतं, म्हणून रिस्पेरिडोन, तीव्र मानसिक आजारांवरचं अँटिसायकोटिक औषध. प्रत्येक पायरी त्या त्या डॉक्टरला त्या दिवशी बरोबरच वाटलेली असते. मूल घाबरलंय, हे निदान मात्र कागदावर येतच नाही. भेदरलेल्या मुलासाठी समुपदेशनाच्या सिद्ध झालेल्या पद्धती आहेत. पण त्यांना आठवडेच्या आठवडे लागतात आणि मूल एका घरी टिकावं लागतं.

यात माझ्या मते सगळ्यात काळजीचं औषध रिस्पेरिडोन आणि त्याची भावंडं. ऑटिझममधल्या तीव्र चिडचिडीसाठी त्याला २००६मध्ये तिथे मान्यता मिळाली, आणि अशा मुलांना त्याचा खरोखर उपयोग होतो. पण २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ही औषधं पहिल्यांदाच घेणाऱ्या ४ ते १९ वर्षांच्या मुलांचं वजन साधारण अकरा आठवड्यांत रिस्पेरिडोनने सरासरी ५.३ किलो आणि ओलान्झापिनने ८.५ किलो वाढलं. म्हणूनच सुरुवातीला आणि नंतर ठरावीक काळाने वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल बघायचं असतं. तोंडाच्या, जिभेच्या नकळत होणाऱ्या हालचालींवरही नजर ठेवायची असते. घरचं मूल असेल तर आईलाच कळतं, की दिवाळीत घेतलेली पँट संक्रांतीला बसेना. चार महिन्यांत तीन घरं बदललेल्या मुलाची जुनी पँट कोणाला आठवणार? पहिलं वजन दुसऱ्याच दवाखान्याच्या फायलीत पडून असतं. २०१८मध्ये अमेरिकी आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी पाच राज्यं तपासली. मनावर परिणाम करणारी कोणतीही औषधं घेणाऱ्या दर तीन फॉस्टर मुलांपैकी एकाच्या बाबतीत आवश्यक उपचार आराखडा किंवा देखरेख झालेली नव्हती.

आणि घाबरून सगळं एकदम बंद करणं हाही उपाय नाही. क्लोनिडिन अचानक थांबवलं तर रक्तदाब उसळू शकतो. घर बदलताना शनिवार-रविवारी बाटली संपली, एवढंही त्याला पुरतं.

टेक्सासने २००५मध्ये धोक्याच्या खुणा ठरवल्या: एकाच जातीची दोन औषधं, फार लहान वय, औषधांची मोठी संख्या. अशी चिठ्ठी दिसली की दुसऱ्या तज्ज्ञाने ती पाहायची. मुलाच्या मागोमाग फिरणारा संगणकावरचा 'हेल्थ पासपोर्ट'ही तिथे आला. २०११च्या केंद्रीय कायद्याने प्रत्येक राज्याला अशी देखरेख ठरवणं भाग पाडलं.

कॅलिफोर्नियात फॉस्टर मुलाला अशी औषधं द्यायची परवानगी सहसा न्यायाधीश देतात. जेव्ही-२२० नावाचा अर्ज भरावा लागतो. डॉक्टरांनी निदान, जास्तीत जास्त डोस, आधी काय करून पाहिलं हे लिहायचं. मंजुरी फार तर १८० दिवसांची, पुढे पुन्हा अर्ज. औषधाचं कोर्टाने काय ठरवायचं, असं वाटेल खरं. पण मुलाच्या वतीने प्रश्न विचारायला आई नसेल तर ते काम कोणावर तरी सोपवावंच लागतं. याच संचात जेव्ही-२१८ नावाचा वेगळा कागद आहे, खुद्द मुलासाठी. या औषधाबद्दल तुला काय वाटतं, हे त्यावर त्याने न्यायाधीशांना सांगायचं.

त्या बाईंनी त्या रात्री काय करावं? लेबलवर आहे तशी झोपतानाची गोळी द्यावी, आणि सकाळी त्याच लेबलवरच्या नंबरवर फार्मसीला फोन करावा. बाटली पहिल्यांदा कधी भरली, डोस कधी वाढला, मध्ये किती दिवस खंड पडला, हे औषध देणाऱ्याच्या संगणकात बहुधा असतं. मग मुलाला काट्यावर उभं करून वजन तारखेसह वहीत लिहावं. पुढच्या डॉक्टरला सगळ्यात आधी तेच लागणार आहे.