दिवा लावायचा तर ३२ लिहा

नोटाबंदीच्या वेळी, २०१६ च्या नोव्हेंबरात, एक अफवा घरोघरी पोचली होती. दोन हजारांच्या नव्या नोटेत नॅनो जीपीएस चिप आहे म्हणे, आणि नोट जमिनीखाली १२० मीटरवर पुरली तरी सरकारला पत्ता लागतो! शिकलेसवरलेले लोकही हे छातीठोकपणे सांगत होते. त्या चिपला वीज कोण देतं, हे फारसं कुणी विचारलं नाही. जीपीएस रिसीव्हर उपग्रहांचे संदेश नुसते ऐकतो. आपला ठावठिकाणा कळवायला वेगळा ट्रान्समीटर लागतो, हेही कुणाच्या मनात आलं नाही. चिप म्हटलं की जादू, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. ती घालवायची असेल तर एखाद्या चिपकडून स्वतः एक एलईडी लुकलुकवून घ्यावा.

सुरुवातीला अर्डुइनो उनो आर३ हा बोर्ड सोयीचा. त्यावरच्या एटीमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलरमध्ये, म्हणजे एका चिपमधल्या छोट्या संगणकात, प्रोग्रॅमसाठी ३२ किलोबाइट फ्लॅश मेमरी असते आणि रॅम अवघी २ किलोबाइट. घड्याळाचे ठोके सेकंदाला १ कोटी ६० लाख. आत ना विंडोज, ना अँड्रॉइड. वीज आली की फ्लॅशमधल्या सूचना एकामागून एक पाळायच्या, बस्स. तिथे वस्तीला असलेला हा प्रोग्रॅम म्हणजेच फर्मवेअर. ‘स्मार्ट’ असं ठळक छापलेल्या बऱ्याच वस्तूंच्या पोटातही अशीच एखादी साधी चिप असते.

बोर्ड यूएसबी केबलने संगणकाला जोडा, अर्डुइनोचं मोफत सॉफ्टवेअर उघडा आणि त्यातलं ‘ब्लिंक’ हे तयार उदाहरण अपलोड करा. बोर्डावरचा एलईडी सेकंदभर लागेल, सेकंदभर विझेल. बाहेरून वेगळा एलईडी लावणार असाल तर त्याच्याबरोबर २२० किंवा ३३० ओहमचा रेझिस्टर हवाच.

बरेच जण इथेच थांबतात. पण प्रोग्रॅम म्हणजे तर नुसते आकडे. आकड्यांनी दिवा कसा लागतो?

मेमरी ही खोल्यांची चाळ समजा. प्रत्येक खोलीला क्रमांक, प्रत्येक खोलीत ८ बिट, म्हणजे ० किंवा १ लिहायच्या आठ जागा. बहुतेक खोल्यांत आकडा ठेवला की तो तिथे नुसता पडून राहतो. ३६ आणि ३७ क्रमांकाच्या खोल्या मात्र वेगळ्या. त्यांतल्या बिटांच्या तारा थेट चिपच्या पायांना वीज देणाऱ्या ट्रान्झिस्टरांपर्यंत गेलेल्या असतात. ३६ चं नाव डीडीआरबी, ३७ चं पोर्टबी. बोर्डावरचा एलईडी येतो पाचव्या बिटावर. मोजणी शून्यापासून, म्हणून ००१०००००; दशमानात ३२. डीडीआरबीत ३२ लिहिले की तो पाय ‘आउटपुट’ होतो. पोर्टबीत ३२ लिहिले की तो पाय ५ व्होल्टला जोडला जातो आणि दिवा लागतो. मध्ये दुसरं कुणीही नाही.

अडचण एकच. सरळ ३२ लिहिले की बाकीचे सात बिट शून्य होतात, म्हणजे शेजारच्या पायावर रिले (विजेवर चालणारा स्विच) चालू असेल तर तो बंद! म्हणून जुना आकडा वाचायचा, त्याचं ३२ शी ‘ऑर’ करायचं (दोहोंपैकी एकाचा बिट जरी १ असला तरी उत्तरात १) आणि परत लिहायचा. विझवताना २२३ शी, म्हणजे पाचवा सोडून सगळे बिट १ असलेल्या आकड्याशी, ‘अँड’ (दोन्हींचा बिट १ असेल तरच उत्तरात १). कंपायलर, म्हणजे आपला प्रोग्रॅम चिपच्या सूचनांत बदलणारं सॉफ्टवेअर, पुष्कळदा हे सगळं ‘एसबीआय’ किंवा ‘सीबीआय’ या एकाच सूचनेत उरकतो. तिला लागतात दोन ठोके, म्हणजे सेकंदाचा ८० लाखावा भाग.

आणि ३५ क्रमांकाची खोली, पिनबी? ती खरं तर वाचण्यासाठी: पायावर आत्ता वीज आहे की नाही, ते तिथे कळतं. वाचायच्या जागी लिहून काय होणार, असं कुणालाही वाटेल. डेटाशीटमध्ये, म्हणजे चिपच्या माहितीपत्रकात, मात्र स्पष्ट लिहिलंय की तिथे १ लिहिला की पोर्टबीतला तोच बिट उलटतो. दिवा लागलेला असेल तर विझतो, विझलेला असेल तर लागतो. ऑर नको, अँड नको. दर वेळी ३५ मध्ये ३२ लिहायचे.