पावणेदोनशे वर्षांची शिराझ: बरोसातल्या जुन्या वेलींची पार्श्वभूमी

बागलाण, मालेगावकडच्या द्राक्षबागेत बारा-पंधरा वर्षांत ओलांडे (तारेवरचे आडवे फाटे) डागाळतात, काड्या मुक्या, म्हणजे बिनघडाच्या, निघू लागतात आणि बाग काढायचा विषय घरात निघतो. ऑस्ट्रेलियातल्या बरोसा खोऱ्यात टनुंडा गावाजवळ १८४३ मध्ये लावलेली शिराझ ही रेड वाइनची द्राक्षजात मात्र अजून घड देते. लँगमाइल वायनरीची ‘फ्रीडम १८४३’ ही रेड वाइन याच वेलींची.

लावणारा ख्रिस्तियन ऑरिख्ट लोहारकाम करायचा. प्रशिया या जुन्या जर्मन राज्यात राजाने लादलेली उपासनापद्धत नाकारणारी ल्यूथरन पंथाची ख्रिस्ती कुटुंबं दक्षिण ऑस्ट्रेलियात आली, त्यांपैकी तो एक. वाइनच्या नावातलं ‘स्वातंत्र्य’ तेच. बरोसा जिच्यात येतं ती दक्षिण ऑस्ट्रेलियाची ब्रिटिश वसाहत १८३६ ची, म्हणजे बाग जवळपास वसाहतीएवढीच जुनी.

युरोपात इतक्या जुन्या बागा फारच थोड्या उरल्या. १८६० च्या दशकात फायलोक्सेरा ही मुळं खाणारी कीड अमेरिकेतून फ्रान्समध्ये पोहोचली आणि पुढच्या काही दशकांत तिथल्या बहुतेक बागा गेल्या. उपाय निघाला तो अमेरिकन खुंटावर, म्हणजे तिथल्या वेलीच्या मुळांवर, कलम करण्याचा. आपल्याकडचा डॉगरिज हा खुंटही मूळचा अमेरिकेचाच, पण तो इथे आला क्षार आणि पाणीटंचाईसाठी. ऑस्ट्रेलियात ही कीड १८७७ मध्ये शेजारच्या व्हिक्टोरियात सापडली. दक्षिण ऑस्ट्रेलियाने कायदा करून बाहेरच्या काड्या, रोपं, माती यांवर बंधनं घातली आणि ती आजवर पाळली. म्हणून बरोसातल्या या वेली स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत.

किडीतून वाचलेल्या वेली बाजारभावात जाता जाता राहिल्या. १९७० च्या दशकाअखेर रेड वाइनला उठाव नव्हता. मोठ्या कंपन्यांनी द्राक्षं घेणं थांबवलं, तेव्हा बरोसातले वाइननिर्माते पीटर लेहमन यांनी शेतकऱ्यांचा माल पडून राहू नये म्हणून स्वतंत्र वायनरी उभी केली. तरी १९८० च्या दशकात सरकारने बागा काढायला अनुदान दिलं आणि कितीतरी जुनी शिराझ उपटली गेली, कारण एकरी उतारा कमी असलेली बाग आधी जाते. ऑरिख्टची बागही दुर्लक्षित झाली होती. १९९६ मध्ये नव्या मालकांनी वायनरी घेऊन ती सावरली. २००९ मध्ये बरोसाने वेलींच्या वयाच्या पायऱ्या ठरवल्या: ३५ वर्षांपुढे ‘जुनी’, ७० पुढे ‘तगलेली’, १०० पुढे ‘शतायुषी’, १२५ पुढे ‘पूर्वज’. बाटलीवर वय सांगता आलं, भाव मिळू लागला आणि बाग ठेवणं परवडू लागलं.

महाराष्ट्रातही बागा उपटण्याचं हे घडून गेलं आहे. २००१ च्या वाइन धोरणानंतर वाइन द्राक्षांची लागवड झपाट्याने वाढली आणि २००८ नंतरच्या मंदीत खरेदी थांबल्यावर बागा निघाल्या. त्या राहिल्या असत्या तर आज वीस वर्षांच्या असत्या.

पण आपल्या वेलीला लवकर थकवणारं आणखी मोठं कारण हवामानात आहे. बरोसात हिवाळ्यात वेल झोपते आणि वर्षाला एकच छाटणी होते. इथे ती झोपतच नाही. उन्हाळ्यात नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, पुढे फळासाठी गोडी छाटणी, फूट एकसारखी निघावी म्हणून हायड्रोजन सायनामाइड हे रसायन. एका पिकासाठी वेल दोनदा फुटते आणि खोडात साठवलेलं अन्न दोनदा खर्च होतं. कसमादेत (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) लवकर बाजारात येणाऱ्या अर्ली मालासाठी गोडी छाटणी पावसाळ्यातच घेतात. तेव्हा डाऊनी या बुरशीरोगाने पानं गेली की साठा भरतच नाही. दर खरडीला मोठे काप पडतात, त्यांतून बुरशी शिरून लाकूड आतून मरतं.

वय वाढलं म्हणून वाइन आपोआप चांगली होते, असं आम्ही मानत नाही. जुन्या वेलीवर घड कमी, मणी लहान, त्यामुळे रसाच्या मानाने साल जास्त; आणि रेड वाइनचा रंग व तुरटपणा सालीतूनच येतो. खोल मुळं आणि जाड खोड यांमुळे कोरड्या वर्षीही पक्वता फारशी ढळत नाही. हा फायदा निरोगी वेलीचाच. रोगट जुनी वेल नुसती कमी पिकते.

खानदेशात वाइनची बाग तीस वर्षं न्यायची असेल तर घड पहिल्या वर्षापासून मोजकेच ठेवावेत, मोठ्या कापांवर लगेच बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावावी आणि तोडणीनंतर पाणी एकदम तोडू नये, कारण साठा त्याच काळात भरतो. डागाळलेला ओलांडा ओढत बसण्यापेक्षा खोडाजवळची जोमदार फूट राखून नवा ओलांडा धरावा. मेलेल्या वेलीची रिकामी जागा भरायला बरोसात शेजारच्या वेलीची काडी जमिनीत दाबून रुजवतात. आपल्याकडे हे करू नये: दाबलेली काडी खुंटाला वगळून स्वतःची मुळं धरते आणि खारवट जमिनीत पानांच्या कडा करपू लागतात. आपण रिकाम्या जागी खुंटरोप लावून त्यावर जागेवरच कलम भरावं आणि शेजारच्या मोठ्या वेलींनी पाणी ओढू नये म्हणून त्याला वेगळा ड्रिपर द्यावा.