अनेक लिनक्स सर्व्हरांचे दूरस्थ अपग्रेड

नेटवर्कवरून, एका जागी बसून, अनेक लिनक्स सर्व्हरांवरची पॅकेजे (बसवलेली सॉफ्टवेअरे) नव्या आवृत्तीवर नेण्याची पद्धत. सर्व्हर चार-पाचच असतील तर शेल स्क्रिप्टमध्ये लूप लावून एसएसएचवरून (दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे आज्ञा चालवण्याची सोय) आज्ञा दिली तरी भागते. त्यापुढे बहुतेक जण अनेक सर्व्हरांवर एकाच जागेवरून काम चालवणारे ॲन्सिबल वापरतात. मायकेल डीहान यांनी २०१२ मध्ये आणलेले आणि २०१५ मध्ये रेड हॅटने घेतलेले हे साधन समोरच्या सर्व्हरवर स्वतःचा एजंट (तिथे चालत राहणारा मदतनीस प्रोग्रॅम) बसवत नाही. तिथे एसएसएच आणि पायथन असले की पुरे.

डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर ॲप्ट हे पॅकेजे सांभाळणारे साधन असते. त्यातले ‘ॲप्ट अपडेट’ फक्त पॅकेजांची यादी ताजी करते. पॅकेजे बदलतात ती ‘ॲप्ट अपग्रेड’ने. ‘फुल-अपग्रेड’ गरज पडल्यास बसवलेली पॅकेजे काढूनही टाकते, म्हणून आधी ‘सिम्युलेट’ पर्यायाने काय काय जाणार ते पाहावे.

सगळ्या सर्व्हरांना एकदम हात लावू नये. ॲन्सिबलमध्ये ‘सीरियल’ लावून आधी १ सर्व्हर, मग १० टक्के, मग उरलेले अशा तुकड्या पाडतात. ‘मॅक्स फेल पर्सेंटेज’ शून्य ठेवले तर एक सर्व्हर बिघडताच पुढची तुकडी सुरू होत नाही.

नेहमीची अडचण डीपीकेजीच्या (ॲप्टच्या पोटात पॅकेजे बसवणारा प्रोग्रॅम) लॉकची, म्हणजे एका वेळी एकानेच पॅकेजे बदलावीत म्हणून लागणाऱ्या कुलपाची. उबुंटूचे आपोआप अपग्रेड सकाळी ६ ते ७ दरम्यान केव्हाही सुरू होते. त्याच वेळी आपली आज्ञा गेली की लॉक मिळत नाही. लॉकची फाइल पुसणे हा उपाय नव्हे, त्याने पॅकेजांची नोंदच बिघडू शकते. ॲन्सिबल मुळात ६० सेकंद थांबते. ती मुदत ६०० करावी.

दुसरी अडचण प्रश्नांची. कॉन्फिग फाइल (सेवेच्या सेटिंग्जची फाइल) हाताने बदललेली असेल तर डीपीकेजी ‘जुनी ठेवू की नवी?’ असे विचारते, आणि उत्तर द्यायला तिथे कोणी नसते. त्यासाठी ‘नॉनइंटरॅक्टिव्ह’ (प्रश्न न विचारणारे) वातावरण आणि ‘कॉन्फडेफ’, ‘कॉन्फओल्ड’ हे पर्याय देतात. बदललेली फाइल जशीच्या तशी राहते, नवी तिच्या शेजारी ‘डीपीकेजी-डिस्ट’ शेपटीने पडते. ती नंतर ताडून पाहायलाच हवी: नव्या आवृत्तीने एखादी ओळ रद्द केली असेल तर सेवा उठतच नाही.

बूट विभाग (सर्व्हर सुरू होताना लागणाऱ्या फाइलींची जागा) जुन्या कर्नेलांनी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्यांनी, भरला असेल तर नव्या कर्नेलची इनिटरॅमएफएस (सुरू होताना लागणारी फाइल) तयार होत नाही आणि पॅकेज अर्धवट लटकते. ‘ऑटोरिमूव्ह’ने किंवा जुनी कर्नेल पॅकेजे काढून जागा करावी, मग ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवावे. हाताने करत असाल तर टीमक्स या टर्मिनल जिवंत ठेवणाऱ्या साधनातच करावे, म्हणजे जोडणी तुटली तरी काम चालू राहते. उबुंटूची अख्खी आवृत्ती एसएसएचवरून बदलताना अपग्रेडर १०२२ पोर्टवर जादा एसएसएच सेवा उघडतो. फायरवॉलमध्ये ते पोर्ट मोकळे नसेल तर तिचा उपयोग नाही.

पॅकेज बसले म्हणजे काम संपले, हा समज सर्वांत महागात पडतो. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या जोडण्या गुप्त ठेवणाऱ्या लायब्ररीत सापडलेल्या हार्टब्लीड त्रुटीच्या वेळी तिचे दुरुस्त पॅकेज बसवल्यावरही वेब सर्व्हर पुन्हा सुरू करेपर्यंत स्मृतीत जुनीच लायब्ररी राहत होती. अशा सेवा ‘नीडरीस्टार्ट’ दाखवते. उबुंटूवर रीबूट हवे असेल तर व्हार/रनमध्ये ‘रीबूट-रिक्वायर्ड’ ही फाइल येते. रेड हॅटच्या लिनक्सवर ‘नीड्स-रीस्टार्टिंग -आर’ विचारावे.

माघार घेण्यासाठी डीएनएफ या रेड हॅटच्या पॅकेज-साधनात ‘हिस्टरी अनडू’ आहे, पण जुनी पॅकेजे रिपॉझिटरीत (पॅकेजांच्या साठ्यात) उरली असतील तरच ते चालते. ॲप्टवाले आधी स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) घेतात. डेटाबेस मात्र ‘ॲप्ट-मार्क होल्ड’ने (त्याचे अपग्रेड रोखून) बाजूला ठेवावा, कारण उदाहरणार्थ पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसचे डेबियनचे पॅकेज अपग्रेड होताना सेवा आपणहून पुन्हा सुरू करते. पोस्टग्रेसक्यूएलच्या किरकोळ आवृत्त्या आधी स्टँडबायवर (जोडीच्या राखीव सर्व्हरवर) चढवाव्यात, प्रायमरीवर (मुख्य सर्व्हरवर) शेवटी.